चिखलदरा उघडा होता

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. सांगण्याएवढी मोठी ती आहे का, हेच कितीतरी दिवस मला ठरवता आलं नाही. कुणाला लुटलं नाही, कुणावर हात उगारला नाही. फक्त एक शब्द बोललो. महामारीच्या पहिल्या वर्षी, दिवाळी उलटल्यावर, चिखलदरा उघडा होता. आणि आईबाबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, ‘बंद आहे.’ एकदाच म्हणालो असतो तर कदाचित विसरूनही गेलो असतो. पण मी हिवाळाभर म्हणत राहिलो.

परवा पडवीतल्या कूलरवरचं प्लास्टिक काढलं. गेल्या वर्षीच्या ताट्या उपसून नवा वाळा भरला, टाकीत पाणी ओतलं आणि बटण दाबलं. पहिल्या ओल्या झुळकेला एक वास असतो. त्यात वाळा असतो, गंजलेला पत्रा असतो आणि तापलेल्या भिंतीवर पाणी पडल्याचाही थोडा भाग असतो. वऱ्हाडात उन्हाळा या वासानं लागतो, त्यासाठी कॅलेंडर पाहावं लागत नाही. बाबा खाटेवर पाठमोरे निजले होते. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, ‘लागला वाटते उन्हाळा.’ मी ‘हो’ म्हणालो, आणि त्या वासासरशी थेट त्या उन्हाळ्यात जाऊन पडलो, ज्याच्या फाटकाला आतून कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती.

बाबा मंगरूळपीरला व्हॉलमन होते. म्हणजे गावाच्या नळांना पाणी सोडणारे. आडव्या मुठीची, कमरेएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते उजाडायच्या आत निघायचे. रस्त्यातल्या चौकोनी खड्ड्याचं झाकण सरकवायचं, चावी आत घालायची, अंग लावून फिरवायची. एका गल्लीचं पाणी सुरू, दुसरीचं बंद. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ रोज येत नाही. चार-सहा दिवस जातात, कधी आठवडाही जातो. त्यामुळे चैत्र-वैशाखात या माणसाची वाट लोक सासरी येणाऱ्या जावयासारखी पाहायचे. बायका ओट्यावरून हाक मारायच्या, ‘भाऊ, आज हाये का आमचा नंबर?’ बाबा थांबून उत्तर द्यायचे. हो तर हो, नाही तर नाही. धरणाकडूनच पाणी आलं नसेल तर त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, ‘वरूनच बंद हाये, बाई.’ त्यावर कुणी भांडत नसे. भाऊ म्हणाले वरून बंद, म्हणजे वरून बंद.

त्यांचा नेम एकच होता. पाणी कमी सुटलं तरी चालेल, पण खोटं सांगायचं नाही. ‘बाई मजुरीले जाची थांबते रे आपल्या शब्दावर,’ ते म्हणायचे. ‘भांडे मांडून बसते. नाई म्हणलं तं दोन शिव्या देईन अन् आपल्या कामाले लागीन. पन खोटं बोललं तं तिचा दिवस गेला ना. दिवस कुठून भरून देशीन तिले?’

तर असल्या घरात उन्हाळ्याची सुटी हा शब्दच नव्हता. शाळांना सुटी लागायची तेव्हाच बाबांच्या कामाला भर यायची. शेजारची माणसं लग्नाला जात, माहेरी जात, देवदर्शनाला जात. आमचं फाटक उन्हाळाभर उघडं आणि आम्ही आत. बाबा निवृत्त झाले तरी सुटका झाली नाही. जुनी पाइपलाइन कुठून कुठं जाते हे नव्या लोकांना ठाऊक नव्हतं, म्हणून मार्च उजाडला की बोलावणं यायचं आणि बाबा चावी घेऊन निघायचे. आई म्हणायची, ‘सरकारनं सोडलं याइले, पन नळानं नाई सोडलं.’ शेवटी नवी पाइपलाइन पडली, जुनीबरोबर बाबांची गरजही जमिनीत गेली, आणि एक उन्हाळा असा येणार होता की त्यात बाबांना कुणीच बोलावणार नव्हतं.

आईनं त्या उन्हाळ्यावर हिवाळ्यातच हक्क सांगून ठेवला. भजनी मंडळातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की चिखलदऱ्याला भर मे महिन्यात रात्री पांघरूण घ्यावं लागतं. हे तिला परीकथेसारखं वाटलं. तिचे सगळे उन्हाळे गच्चीवर पाणी शिंपडण्यात, ओली चादर पिळून अंगावर ओढण्यात आणि पहाटेची एक झुळूक येईपर्यंत सुपानं वारा घेण्यात गेले होते. मे महिना आणि पांघरूण हे दोन शब्द एका वाक्यात येऊ शकतात यावर तिचा विश्वास बसेना. चिखलदरा आमच्यापासून फार लांब नाही. शेजारचा जिल्हा, अर्ध्या दिवसाचा रस्ता. पण आई उभ्या जन्मात तिथं गेली नव्हती.

‘मले काई पाह्याचं नाई तिथं,’ ती म्हणाली. ‘पॉइंट नाई, दऱ्या नाई. एक रात भर उन्हाळ्यात पांघरून घेऊन झोपाचं हाये, बस.’

‘अन् मी काय करू?’ बाबा म्हणाले.

‘तुमी दुसऱ्यानं सोडलेल्या पान्यानं आंग धुवा.’

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग तेही तयारीला लागले. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या रफीकभाईंची जीप ठरली. अक्षय तृतीयेची पितरांची पूजा आटोपली की दुसऱ्या दिवशी निघायचं. आईनं हॉटेलातलं पांघरूण घ्यायला साफ नकार दिला; ‘कोनाच्या आंगावरचं काय माईत!’ तिनं स्वतः गोधडी शिवायला घेतली. तिच्या दोन मऊ झालेल्या सुती साड्या, आणि मधल्या थराला बाबांच्या जुन्या खाकी शर्टांच्या पाठी. फाल्गुनात तिचे टाके चालायचे. बाहेर पळसाची फुलं गळायला आलेली, दुपारी ऊन चढायला लागलेलं, आणि ही बाई मांडीवर गोधडी घेऊन बसलेली. येणारीजाणारी विचारायची, ‘काहून वं, एवढ्या उनात?’ आई म्हणायची, ‘आमी थंडीत चाललो ना.’

पाडव्याच्या सुमाराला सगळं बंद झालं.

गुढीला बांधायला साखरेच्या गाठी मिळाल्या नाहीत. आईनं गुळाचा खडा फडक्यात बांधून लटकवला. गुढीच्या कळशावरून ओघळलेल्या उन्हात मुंग्या त्या गुळाकडे चढत होत्या, आणि खाली आम्ही चौघं उभे होतो. त्या काळातली मला आठवणारी ती शेवटची हलणारी गोष्ट. त्यानंतर सगळं थांबलं. बसस्टँडकडून येणारा भोंग्यांचा, फेरीवाल्यांचा गलका नाही. दर्ग्याकडच्या रस्त्यावर माणूस नाही. अजान व्हायची, पण ती ऐकून निघालेल्या पावलांचा आवाज नव्हता. कडुनिंबाचा फुलोरा अंगणात पडून राहायचा आणि त्यावर कुणाचाही पाय उमटायचा नाही. दिवसभर एकच आवाज, कूलरचा. तो इतका सारखा होता की तो बंद पडला की दचकायला व्हायचं.

बायको सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती ड्यूटीवरून यायची, मागच्या अंगणात कपडे भिजवायची, तिथंच आंघोळ करायची आणि मग घरात पाऊल टाकायची. जेवायलाही वेगळी बसायची. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. मी भिंतीला मोबाइल टेकवून त्या भिंतीला इतिहास शिकवत होतो. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, सगळं आईबाबांनी मुकाट्यानं अंगावर घेतलं होतं.

बाबांना पहाटे निघायची जन्माची सवय. एक दिवस ते निघाले, आणि चौकातल्या पोलिसानं ओळखून परत आणून सोडलं. ‘पानीवाले भाऊ, आता तुमी बी बंदच राहा,’ तो हसत म्हणाला. तो गेल्यावर मी धान्याच्या कोठीचं जुनं कुलूप काढलं आणि फाटकाला आतून लावलं. बाबा बघत होते. किल्ली मी खिशात टाकली तेव्हा त्यांची नजर किल्लीमागोमाग माझ्या खिशापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

त्या दिवसांत समोरच्या रस्त्यावरून माणसं चालत जायची. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची. ऊसतोडीला, बांधकामावर लांब गेलेली आणि कामं थांबल्यावर पायी परतणारी. डोक्यावर बोचकं, काखेत पोर. आई फाटकाच्या गजांमधून तांब्या बाहेर धरायची. एका बाईनं ओंजळ धरली आणि आई वरून धार सोडत राहिली.

‘कुठून येऊन राह्यली वं माय?’

‘सांगलीकडून.’

‘अन् झोपता कुठी?’

‘जिथं पाय थांबन तिथं.’

आईनं तिच्याकडे पाहिलं ते मला आजही दिसतं. दया होती, पण दयेच्या मागं दुसरंही काही होतं. त्या बाईचे पाय फुटले होते, पण ती निदान चालत होती. मी आतून ओरडलो, ‘आई, लांबून! लांबून!’ ती वळून म्हणाली, ‘तांब्याले कायचा करोना रे?’ मग मी तिला फाटकाजवळ जायलाही मनाई केली. बाबा पाण्याचा माठ फाटकाबाहेर ठेवू या म्हणाले, तेव्हा मी रोज सकाळी कुलूप काढून माठ ठेवायचो आणि कुलूप लावायचो. तहानलेल्याला पाणी मिळत होतं, हे खरं आहे. आणि आत दोन म्हातारी माणसं माझ्या किल्लीकडे पाहत बसत, हेही.

वर्तमानपत्र यायचं थांबलं. टीव्हीवरच्या बातम्यांनी आईची छाती धडधडायची म्हणून तो मीच बंद ठेवला. बाबांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, ते पुढं ढकललं गेलं. त्यांना मोठी अक्षरं तेवढी दिसत. दोघांकडे साधा बटणांचा फोन. हळूहळू असं झालं की जगात काय चाललंय हे त्यांना फक्त माझ्या तोंडून कळायचं. संध्याकाळी मी मोबाइल घेऊन अंगणात बसायचो आणि ती दोघं समोर बसायची, नंबर येण्याची वाट पाहणाऱ्या बायकांसारखी. ‘काय म्हनते आज?’ बाबा विचारायचे. मी वाचायचो आणि गाळून सांगायचो. ओळखीचा कुणी गेला तर सांगायचो नाही. सुरुवातीला हे त्यांच्यासाठी होतं. त्यात प्रेम होतं, मी ते नाकारत नाही. पण गाळणं ही फार चटकन अंगवळणी पडणारी गोष्ट आहे. जो गाळतो त्याला हळूहळू वाटायला लागतं की जग त्याच्याच हातातून थेंबथेंब सुटतंय.

अक्षय तृतीया घरातच झाली. वाटेत खायला म्हणून ठरवलेल्या तिखट पुऱ्या आईनं तरीही केल्या, त्या आम्ही जेवणात संपवल्या. तिची प्रवासाची पिशवी मात्र भरलेलीच राहिली. आठवड्यातून एकदा ती गोधडी काढून दोरीवर ऊन दाखवायची. भर वैशाखात, आग ओकणाऱ्या अंगणात, दोरीवर ती जाड गोधडी लटकलेली असायची आणि तिच्या सावलीत चिमण्या बसायच्या. मग आई ती घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवायची.

‘राहू दे मंग,’ ती म्हणायची. मी काही न विचारताच म्हणायची. ‘डोंगर काई कुठी पळून नाई राह्यला.’

आषाढात थोडं सैल झालं. भाद्रपदात आणखी. दुकानं उघडली, तोंडावरची फडकी हनुवटीवर उतरली. बायकोची भीतीही कामात जिरून गेली. फाटकाचं कुलूप काढायला काहीच हरकत नव्हती. मी ते रात्री लावायला ठेवलं, म्हणजे सवय मोडली नाही.

आणि दिवाळीनंतर रफीकभाई आले.

आईबाबा मागच्या अंगणात तुरीचे हिरवे सोले काढत बसले होते. मी पुढं होतो. रफीकभाई फाटकाबाहेरच उभे राहिले, रुमाल नाकावर ओढून.

‘सर, चिखलदरा सुरू झाला ना,’ ते म्हणाले. ‘परवाच एक फॅमिली सोडून आलो. रस्ता खुला, हॉटेलं खुली. काकूले विचारा. थंडी तं लई हाये आता, पन काकूले पांघरूनच पायजे होतं ना?’ आणि ते स्वतःच हसले.

मी त्यांना म्हणालो, ‘त्यांनाच भीती वाटते, रफीकभाई. नको म्हणतात.’

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. पण ते अडखळलंही नाही.

‘बराबर हाये,’ रफीकभाई गंभीर झाले. ‘बुढ्या मानसाइले जपाच लागते. काकूले सलाम सांगजा.’

मी मागं गेलो. आईनं मान वर न करता विचारलं, ‘कोन होतं रे?’

‘रफीकभाई.’

‘काय म्हनत होते?’

‘चिखलदरा अजून बंद आहे म्हणत होते.’

स्वतःचं खोटं मी त्या भल्या माणसाच्या तोंडात घातलं. आईची बोटं शेंगेवर थोडी थांबली. मग शेंग तडकली, दाणे ताटात पडले. ‘राहू दे मंग,’ ती म्हणाली. संध्याकाळी बायकोनं विचारलं, ‘आईबाबांना आता कुठं फिरवून आणायचं का?’ तिला मी म्हणालो की तीच दोघं घाबरतात. अशी खोट्याची दोन कुलपं मी दोन दारांना लावली. मधे मी एकटा. दमून येणाऱ्या सुनेला असल्या गोष्टी विचारून त्रास द्यायचा नाही असा आईचा स्वभाव होता, आणि माझा त्यावरच भरवसा होता.

का केलं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की भीतीपोटी केलं. भीती होती, पण ती पावसाळ्यातच उतरली होती. खरं कारण लिहायला हात धजत नाही, इतकं ते लहान आहे. बायकोची पहाटेची पाळी असायची. आई चारला उठून तिच्या डब्याच्या भाकरी थापायची. माझा चहा मी भिंतीला इतिहास शिकवायला बसण्याआधी समोर यायचा. बाबा पाणी भरायचे, दळण आणायचे, गॅसची टाकी लावून घ्यायचे. ती दोघं दोन-चार दिवस गेली असती तर हे सगळं मला करावं लागलं असतं. एवढंच. आणि याच्याही खाली आणखी एक कारण होतं, ते त्याहून वाईट: मला तसं आवडायला लागलं होतं. संध्याकाळी दोघांनी समोर बसून ‘काय म्हनते आज?’ विचारणं. वर्गातल्या पोरांनीही माझ्याकडे कधी इतक्या आशेनं पाहिलं नव्हतं.

हिवाळाभर आई अधूनमधून विचारायची. बोलण्याच्या ओघात, भाजी निवडताना. ‘सोडून नाई राह्यले का अजून?’ मी म्हणायचो, ‘डोंगरावर नाही सोडत. तिकडचा जिल्हा वेगळा, तिकडचे नियम वेगळे.’ एकदा आई बाबांना म्हणाली, ‘तुमीच एक फेरी मारून स्टँडवर विचारून या ना.’ मी आतून ऐकत होतो. बाबा म्हणाले, ‘कायले? त्याच्या हाती चावी हाये, त्याले मालूम.’

हे वाक्य कळायला मला वेळ लागला. माझ्या बाबांनी आयुष्यभर हातात चावी धरली आणि त्या चावीच्या जोरावर कधी खोटं बोलले नाहीत. ओट्यावरच्या बायका त्यांच्या ‘नाही’वर विश्वास ठेवून आपापल्या कामाला लागायच्या. म्हणून ज्याच्या हाती चावी असते तो खरंच सांगतो, असं त्यांना वाटत होतं. दुसरा कुणीही म्हातारा स्टँडवर जाऊन चौकशी करून आला असता. व्हॉलमन गेला नाही. त्यांची फसगत त्यांच्या स्वतःच्या सचोटीनं केली.

बाबांनी तेव्हा आईची समजूत घातली, आणि तिनं माझी. ‘हिवाळ्यात काय मजा हाये जायची?’ ती मला म्हणाली. ‘पांघरून तं घरी बी घेऊन राह्यलो. मले उन्हाळाच पायजे.’ तिनं माझ्या खोट्याला बसायला पाट मांडला.

संक्रांतीनंतर आमच्याच भागात पुन्हा रुग्ण वाढले आणि पुन्हा सगळं बंद झालं. ते ऐकलं तेव्हा मला काय वाटलं ते सांगतो. हायसं वाटलं. आता खरंच बंद होतं. आता मी संध्याकाळी अंगणात बसून ‘बंद आहे’ म्हणालो तर ते खरं होतं, आणि मी ते मोठ्यानं, मान वर करून म्हणालो. जगावर एवढं संकट आलेलं आणि एका माणसाला बरं वाटलं, कारण त्याचं खोटं खरं झालं.

दुसरा उन्हाळा. तोच वाळा, तोच पत्रा, तोच कूलर. वैशाखातली दुपार. भिंतींना हात लावता येत नव्हता. आई खाटेवर पडली होती, आणि म्हणाली, ‘कूलर बंद कर रे.’

त्या महिन्यात आमच्याकडे हे वाक्य कुणी बोलत नाही. मी जागचा हललो नाही.

‘बंद कर ना. थंडी वाजून राह्यली. अन् ते गोधडी काढ.’

बाबांनी पिशवीतून गोधडी काढली. एक वर्ष ऊन खाऊन ती कोरी करकरीत होती. त्यांनी ती झटकून आईच्या अंगावर घातली, पायाकडून खोचली. आईचे दात वाजत होते. गोधडी हनुवटीपर्यंत ओढून ती बाबांकडे पाहून म्हणाली, ‘पाह्यलं का? चिखलदरा घरीच आला. रफीकभाईची जीप बी नाई लागली.’

बाबा हसले. मीही हसलो. बाहेर पाखरं सावलीला बसलेली, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि बंद केलेल्या कूलरमधून पाणी टपकत होतं. कधी नव्हे ते घर पूर्ण शांत झालं होतं. आईला गोधडीखाली डोळा लागला. तिला हवी होती ती झोप. भर उन्हाळ्यात, पांघरूण घेऊन.

बायको ड्यूटीवरून आली. आंघोळ करून आत आली, आईच्या कपाळाला हात लावला. ती हसली नाही.

आईला दवाखान्यात नेलं, तिथं घरचं अंथरूण-पांघरूण नेऊ देत नव्हते. गोधडी खाटेवर राहिली, तिच्या अंगाचा आकार धरून. आई परत आली नाही. घरात हे कोण घेऊन आलं यावर आम्ही तिघं कधी बोललो नाही. ज्या फाटकाला मी कुलूप लावत होतो त्याच फाटकातून ते आत आलं, एवढं मात्र मला माहीत आहे. मी आईला वाचवायला कोंडलं असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

आता चिखलदरा बारमाही उघडा आहे. गल्लीतली पोरं शनिवारी मोटरसायकलवर जातात आणि रविवारी परत येतात. मागच्या उन्हाळ्यात बाबांना विचारलं, ‘जाऊन येऊ या का?’ ते म्हणाले, ‘कायले? पांघरून तिले पायजे होतं.’ गोधडी त्यांच्या उशाशी घडी घालून असते. ते ती कधी अंगावर घेत नाहीत. पुढं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. आताही मोठे मथळे तेवढे वाचतात. खालचं सगळं मीच वाचून दाखवतो.

परवा कूलर सुरू केल्यावर मी खाटेजवळ बसून होतो. बोलायचं म्हणून बसलो होतो, तसा मी अनेकदा बसतो. बाबांना वाटलं मला आईची आठवण आली. त्यांनी चाचपडत माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. चावी फिरवून फिरवून त्या तळहाताला पडलेले घट्टे अजून आहेत.

‘मनाले लावून नको घेऊ बाप्पा,’ ते म्हणाले. ‘तू तरी काय करशीन? वरूनच बंद होतं.’

आयुष्यभर तहानलेल्या बायकांना सांगितलेलं सगळ्यात खरं वाक्य त्यांनी मला दिलं. आणि मी ते घेतलं. पुन्हा गप्प बसलो. मला वाटतं, कोंडलेल्या आईलाही जाणवल्या नसतील एवढ्या भिंती मला त्या एका हाताखाली जाणवल्या. आपण काय केलं ते ज्याला माहीत नाही त्यानं आपल्याला माफ करणं, यासारखी कोठडी नाही. तिला बाहेरून कुलूप नसतं, म्हणून कुणी सोडवायलाही येत नाही.

मी स्वतःला समजावतो की आता सांगून काय उपयोग. म्हाताऱ्या माणसाची एवढी एक समजूत आहे की यात कुणाचाच दोष नव्हता, ती तरी कशाला हिरावायची? मग लक्षात येतं की हे बोलणं ओळखीचं आहे. त्या उन्हाळ्यातही मी असंच त्यांच्या भल्यासाठी गाळत होतो. किल्ली अजून माझ्याच खिशात आहे.

म्हणून लिहून काढलं. वर्तमानपत्र आता रोज येतं. सकाळी चहा झाला की बाबा खाटेवर उठून बसतात आणि विचारतात, ‘काय म्हनते आज?’ मी वाचतो. पान उलटताना एखादा मजकूर सोडून दिला तर त्यांना कळत नाही. मी आजवर बरंच काही सोडून दिलं आहे. हे कुठं छापून आलं तर त्या दिवशीही पान उलटून पुढं जाता येईल.

हे बाबांना वाचून दाखवायचं आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, काही न गाळता. एवढं माझ्याकडे बाकी आहे.